तीनशे फुटांचा हातचा

मी घड्याळ नाही, हे आधीच सांगून टाकतो. काटे आहेत, तबकडी आहे, वर काच आहे, म्हणून विमानात पहिल्यांदा डोकावणारा जो तो विचारतो, "हे घड्याळ बंद पडलंय का?" मित्रांनो, मी एक जुना अल्टिमीटर आहे. विमान किती उंचावर आहे ते सांगणं, एवढंच माझं काम. ते मी एकतीस वर्षं करतो आहे, आणि स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण चोख करतो आहे.

माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक बंद डबी आहे. विमान वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते, डबी फुगते आणि काटे पुढे सरकतात. विमान खाली आलं की डबी आक्रसते आणि काटे मागे येतात. पण हवेचा दाब काही सगळीकडे आणि रोज सारखा नसतो. म्हणून माझ्या तबकडीत एक छोटीशी खिडकी आहे आणि कोपऱ्यात एक गोल बटण. जमिनीवरून विमानांना वाट दाखवणारा माणूस रेडिओवर दाबाचा आकडा सांगतो, वैमानिक बटण फिरवून तो आकडा खिडकीत आणतो, आणि मग मी खरं बोलतो. आकडाच चुकीचा दिला, तर मीही चुकीचं सांगतो, आणि तेही अगदी छातीठोकपणे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माझी डबी ज्या कारागिराने जोडली, तो काम करताना खोकलासुद्धा दाबून धरायचा. त्याच्या हातून सुटलो तो थेट टपालाच्या विमानात. तिथे चौदा वर्षं काढली. तिथला कप्तान उतरल्यावर माझ्या काचेवर टिचकी मारून म्हणायचा, "हा गडी खोटं बोलत नाही." मी तेव्हा फुशारून जायचो. मग त्या विमानात झगमगत्या पडद्यांची यंत्रं आली आणि माझी रवानगी एका खणात झाली. गंजके स्क्रू, तुटकं भिंग आणि मी, असा आमचा चार वर्षांचा संसार. पुढे एका उड्डाणशाळेच्या छोट्या विमानाला मीटर हवा होता, तेव्हा तिथल्या मिस्त्रीने मला बाहेर काढलं, बाहीने पुसलं आणि म्हणाला, "बघू, चालतोय का म्हातारा." चाललो.

याच शाळेत मला बाई भेटल्या. त्या आधी अकरा वर्षं गणित शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्यांनी खडू ठेवला आणि विमान धरलं. त्यांना शिकवणारे काका म्हणजे निवृत्त कप्तान, बोलायला फटकळ आणि मनाने लोणी. उड्डाणाआधी दोघांची थट्टा चालायची.

"बाई, तुमची मुलं परीक्षेत कशात चुकायची हो?" काका विचारायचे.

"हातच्यात. बेरीज येते, वजाबाकी येते, हातचा तेवढा विसरतात. तोंडाने म्हणतात 'हातचा एक', आणि मिळवतच नाहीत!"

बाई तेव्हा शिकत होत्या ढगातलं उड्डाण. बाहेरचं काहीही न बघता, केवळ आमच्यासारख्या यंत्रांवर विश्वास ठेवून उडायचं. सरावासाठी डोक्यावर झापडासारखी लांब टोपी घालायची, म्हणजे समोरची यंत्रं तेवढी दिसतात, आकाश दिसत नाही. आकाशाकडे लक्ष ठेवायचं काम काकांचं.

मी सांगतो आहे तो दिवस परीक्षेच्या आदल्या दिवसाचा. दुसऱ्या दिवशी बाहेरगावाहून परीक्षक येणार होते. बाई सकाळपासून सारख्या पाणी पीत होत्या. आम्ही उंचावर होतो. तिथे सगळी विमानं खिडकीत एकच ठरलेला आकडा लावतात, एक हजार तेरा. खाली उतरताना मात्र तिथल्या हवेचा आकडा लावायचा असतो. जमिनीवरून वाट दाखवणाऱ्या, रडारवरच्या साहेबांचा आवाज आला, "चार हजार फुटांवर उतरा. दाब एक, शून्य, शून्य, तीन."

सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, हा रेडिओचा नियम. ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथेच पकडली जाते. बाईंनी अगदी खणखणीत म्हणून दाखवलं, "चार हजार. एक, शून्य, शून्य, तीन." साहेब म्हणाले, "बरोबर. आता डावीकडे वळा. तुमच्या खाली तीन हजारावर एक विमान आहे." बाईंनी तेही म्हणून दाखवलं, हात सुकाणूवर गेला, विमान वळू लागलं. काका मान लांब करून खालचं विमान शोधू लागले.

आणि माझं बटण कुणी फिरवलंच नाही.

खिडकीत एक हजार तेरा तसंच राहिलं. मी इमानाने चार हजार दाखवत राहिलो, आणि आम्ही होतो पावणेतीनशे फूट खाली. दोन विमानांत हजार फुटांचं अंतर हवं. ते सातशेवर आलं होतं, आणि त्या विमानातल्या लोकांना त्याचा पत्ता नव्हता. मला सगळं कळत होतं, पण करणार काय? मला काटे आहेत, तोंड नाही.

"तुमची उंची पडद्यावर सदतीसशे दिसतेय," साहेबांचा आवाज एकदम कडक झाला. "दाब तपासा. एक, शून्य, शून्य, तीन."

साहेबांच्या पडद्यावर उंची जाते ती विमानातल्या दुसऱ्या यंत्राकडून, माझ्याकडून नाही. बाईंनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हात झपकन आला, बटण फिरलं आणि माझा काटा सदतीसशेवर घसरला. काका अजून बाहेरच बघत होते. "सापडलं! आपल्या खालून गेलं," असं म्हणत ते वळले, तेव्हा खिडकीत बरोबर आकडा होता आणि काटा मात्र खाली.

"अरेच्चा! आत्ता तर चार हजार होतं," काका म्हणाले. "काटा अडकला होता की काय?"

बाईंनी विमान चार हजारावर नेलं आणि पुढचं सगळं नीट केलं.

उतरल्यावर काकांनी मिस्त्रीला हाक मारली. "हा मीटर काढ. उद्या परीक्षा आहे, धोका नको. नवा बसव."

"तपासून बघायला बाहेर पाठवू का?"

"एवढ्या जुन्यासाठी कशाला खटाटोप?"

तेवढ्यात रडारच्या साहेबांचा फोन आला. त्यांना उंची चुकल्याची नोंद करायची होती आणि कारणाच्या जागी काय लिहू, असं ते विचारत होते. "यंत्र जुनं झालंय, असंच लिहा," काका म्हणाले. "रीतसर कागद नंतर पाठवतो."

मिस्त्रीचा स्क्रूड्रायव्हर माझ्या चेहऱ्याशी आला. चार स्क्रूंनी मी जागेवर बसलेलो. एक निघाला. दुसरा निघाला. बाई दाराशी टोपी हातात घेऊन उभ्या होत्या. खरं काय घडलं ते जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तर उद्याची परीक्षा त्यांची होती. तिसरा स्क्रू निघाला. मला तो खण आठवला, ते तुटकं भिंग आठवलं. तिथून कुणी दुसऱ्यांदा बाहेर काढत नाही.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तो बरोबर होता."

काकांनी वळून पाहिलं.

"आकडा मी म्हणून दाखवला, काका, पण फिरवलाच नाही. तुम्ही बाहेर बघत होतात तेव्हा घाईघाईने दुरुस्त केला, आणि तुम्ही काटा अडकला म्हणालात तेव्हा गप्प बसले."

"म्हणजे... हातचा विसरलात?"

"हो. तोंडाने म्हटला आणि मिळवलाच नाही."

"बाई, परीक्षा उद्या आहे."

"माहितीये. पण अकरा वर्षं मुलांना सांगत आले, की उत्तर चुकलं म्हणून पाटीवर राग काढायचा नाही. आता पाटीच फेकून देताय, तर मी बघत कशी उभी राहू?"

काका डोकं खाजवू लागले. मग स्वतःवरच वैतागल्यासारखे म्हणाले, "आणि मी शेजारी बसून काय करत होतो? एक नजर खिडकीवर टाकली असती तर? लिहा, दोघांची चूक म्हणून लिहा." त्यांनी साहेबांना फोन लावला आणि झालं ते झालं तसं सांगितलं. पलीकडून साहेबांचा सुटकेचा श्वास मलासुद्धा ऐकू आला. "बरं झालं बोललात," ते म्हणाले. "त्यांनी बरोबर म्हणून दाखवलं, म्हणून मीही निर्धास्त झालो होतो. पडद्यावरची उंची मी आणखी आधी बघायला हवी होती."

"मग ह्याचं काय करू?" मिस्त्रीने विचारलं.

"घट्ट कर बाबा. त्याची काय चूक?"

मित्रांनो, माझ्या जिवात जीव आला. डबी फुगली म्हणा हवं तर. मिस्त्रीने तिन्ही स्क्रू आवळले, वर बाहीने काचही पुसली.

परीक्षा तीन आठवडे पुढे गेली. काकांनी बाईंकडून तेवढ्यात शंभर वेळा तरी बटण फिरवून घेतलं असेल. परीक्षेच्या दिवशी बाईंनी आकडा म्हणून दाखवला, बटण फिरवलं, खिडकीवर बोट ठेवून पुन्हा वाचला आणि मगच पुढचं काम हाती घेतलं. परीक्षक उतरताना म्हणाले, "बोट ठेवायची सवय चांगली आहे." बाई विमानाच्या पंखाला टेकून हसल्या, रडल्याही थोड्या.

आज काकांच्या जागेवर बाई बसतात. माझ्या खिडकीखाली त्यांनी कागदाची एक पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर एकच शब्द आहे, 'हातचा?' नवीन शिकणारे आधी हसतात, आणि मग आकडा म्हटल्याबरोबर त्यांचा हात आपोआप माझ्या बटणाकडे येतो.

तेव्हा मित्रांनो, नुसतं तोंडाने म्हणून थांबू नका, हातानेही करा. आणि एखादी जुनी वस्तू बिघडली म्हणून फेकायला निघाल, तेव्हा आपला हात कुठे होता ते एकदा आठवून बघा. तिला स्वतःच्या बाजूने बोलता येत नाही. माझ्या बाजूने बोलायला त्या दिवशी बाई होत्या. सगळ्यांनाच बाई मिळत नाहीत.