सत्तावीस नंबरची डबी

सत्तावीस नंबरच्या डबीतला कोळी माझ्यामुळे मेला, ही गोष्ट मी जवळजवळ तीन महिने कुणाला सांगितली नाही.

संघमित्रा माझी सून. ती कोळ्यांवर पीएच.डी. करते. मुलुंडच्या आमच्या घरात माझ्या पुस्तकांच्या रॅकचे दोन खण मी तिला रिकामे करून दिले होते. तिथे चाळीस प्लास्टिकच्या डब्या होत्या आणि प्रत्येकीत एक तपकिरी कोळी. झाकणाला भोकं, आत ओला कापूस, बाहेर चिठ्ठी: कुठे सापडला, कधी सापडला. जुलैत नॅशनल पार्कमधल्या झाडांच्या सालीखालून तिने ही पिल्लं गोळा करून आणली होती. माझा मुलगा धम्मपाल सगळ्यांना सांगायचा, "आमच्याकडे पाहुण्यांना चहाच्या आधी कोळी दाखवतात."

तिला खरं तर कोळी नको होते, त्यांच्या आतली माशी हवी होती. टाचणीएवढं डोकं आणि पाठीला कुबड असलेल्या माशांचं एक कुळ आहे. त्यांची अळी कोळ्याच्या पायावरून चढते, आत शिरते आणि त्याच्या फुफ्फुसाशी जाऊन बसते. कोळ्याने घेतलेल्या हवेवर श्वास घेत महिनोन्महिने गप्प राहते. कोळी खातो, चालतो, कात टाकतो. मग एके दिवशी ती खायला लागते आणि दोन दिवसांत कोळ्याचं नुसतं टरफल उरतं. संघमित्राने हे जेवताना सांगितलं तेव्हा धम्मपाल म्हणाला, "अगं, भात तरी संपू दे ना यार."

सप्टेंबरात तिच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि ती नागपूरला गेली. "कापूस रोज भिजवायचा, बाबा. बाकी काही नाही." मी रोज भिजवला. पण मागच्या कोपऱ्यातली एक डबी पुढच्या डबीआड गेली होती आणि मी मोजायला विसरलो. सापडली तेव्हा कापूस कडक झाला होता आणि कोळी पाय पोटाशी घेऊन उलटा पडला होता.

तिला फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. तिची आई आय.सी.यू.त आहे, आता कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. पण हे कारण मला नंतर सुचलं असावं. तेव्हा फक्त भीती वाटली. तळमजल्यावर मीटरच्या पेटीमागे अगदी तसेच कोळी असतात. दुपारी जिन्यात कुणी नसताना मी एक पकडला आणि सत्तावीस नंबरच्या डबीत सोडला.

ती परत आली, डब्या पाहू लागली. "सत्तावीस वाढलाय की हो! कात टाकली वाटतं?"

"हो," मी म्हटलं.

नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी तिने हाक मारली, "बाबा! लवकर या!" मी धावलो. ती डबी डोळ्यांसमोर धरून उभी होती. आत कोळ्याचं रिकामं टरफल होतं आणि शेजारी धाग्यांना लटकलेली एक जाड, पांढरी, ओलसर अळी हळूहळू हलत होती. "निघाली! चाळिसातून एक! पण निघाली!" तिने आनंदाने माझा दंड घट्ट धरला. मी डबीवरचा नंबर वाचला. सत्तावीस.

पुढे अळीचा कोष झाला, कोषातून माशी आली. तिचे सर रोज फोन करू लागले. आपल्याकडे ही माशी कोणत्या कोळ्यात वाढते ते कुणी नीट पाहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लगेच लिहून पाठव. ती लिहीत बसली. अळी पार्कमध्येच आत शिरली, चार महिने आत राहिली, असं लिहीत होती. तिचं नाव छापून येणार होतं आणि त्याखाली माझं खोटं. कधीतरी कुणीतरी ते तपासेल, आणि तोंडघशी ती पडेल. मी पुस्तक उघडायचो आणि तेच पान दोनदा वाचायचो. रोज ठरवायचो, चहा झाल्यावर सांगू. चहा व्हायचा.

शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्यापुढे कागदाची एक बारीक पट्टी आणि काळं पेन घेऊन बसली. "ही चिठ्ठी माशीबरोबर कायमची राहणार, संग्रहालयात. माझं अक्षर म्हणजे झुरळ शाईतून चाललंय. तुम्ही लायब्ररीची कार्डं लिहिलीत ना तीस वर्षं? लिहा. नॅशनल पार्क, चौदा जुलै."

मी पेन उघडलं. 'न' काढायला टेकवलं आणि तिथेच थांबलो. शाईचा ठिपका पसरला.

"काय झालं?"

"हा पार्कमधला नाही," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. सलग नाही सांगता आलं.

तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मीटरच्या पेटीमागून?" तिने विचारलं. "कधी?"

कुठलीही तारीख सांगितली असती तरी तिने लिहून घेतली असती. "आठवत नाही गं. तू नागपूरला असताना."

"मग अळी कुठे शिरली, किती दिवस आत होती, काहीच सांगता येत नाही." तिने लॅपटॉप मिटला. "सरांना मी सांगते. पण आधी एक सांगा, बाबा. अजून कुठली डबी?"

"नाही. ही एकच."

ते खरं होतं. पण माझ्या तोंडून येताना ते मलाच खरं वाटलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, उठली आणि रॅकवरच्या डब्या एकेक करून टेबलावर आणू लागली. पहिली माझ्यासमोर धरली.

"ही?"

"तुझीच."

"ही?"

"तुझीच आहे."

धम्मपाल कामावरून आला, दारातच थांबला आणि मग आत गेला. ती एकेक डबी धरत होती, मी उत्तर देत होतो. प्रत्येक उत्तराला माझा आवाज लहान होत होता. कापूस मीच भिजवला होता, सत्तावीस सोडून सगळ्या रोज पाहिल्या होत्या. तरीही मी आठवू लागलो, खरंच रोज का?

"ही?"

एकोणीस नंबर होता. मी क्षणभर थांबलो. त्या डबीला मी काहीही केलं नव्हतं.

तिने ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवली आणि विसावी उचलली.