लाल रेघेचे कागद

दवाखान्यात झाडलोट करून मावशीला तीस वर्षं झाली, पण कागद फाडायच्या मशीनला घास भरवायचं काम यंदाच गळ्यात पडलं. सिस्टरनं जुने केसपेपर स्कॅन करायचे, खोक्यावर हिरवी खूण करायची आणि मग मावशीनं त्यांचा भुगा करायचा. एकाच्या दुखण्याची दुसऱ्याला कुणकुण लागायला नको, म्हणून.

तीन खोकी मशीननं गिळली होती. चौथ्यातला एक कागद मावशीच्या हातातून निसटून उलटा पडला, आणि तिनं मशीनचं बटण बंद केलं. मागच्या बाजूला लाल रेघ होती.

मावशीला अक्षर कळत नव्हतं, लाल रेघ कळत होती. वारलेले मोठे डॉक्टर, ज्याला जे औषध सोसत नाही ते कागदाच्या मागं लिहायचे आणि खाली लाल रेघ ओढायचे.

"सिस्टर, मागची बाजू घेतलीस का गं?"

"मागं काय असतं? एकच बाजू घेते. पटापट उरकायचं होतं ना!"

"तुझ्या पटापटीला आग लागो!"

आतून शिंपीणबाईचं कण्हणं ऐकू आलं. ती याच गल्लीतली. या गल्लीचे सगळे कागद पहिल्याच खोक्यात होते. मागं एकदा एका सुईनं शिंपिणीचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, श्वास अडकला होता, डोळे पांढरे झाले होते. तेव्हा तिला धरून बसली होती ती मावशीच. आज तापानं शिंपिणीला स्वतःचं नाव सांगायची शुद्ध नव्हती, आणि सोबतची सून घरात येऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

मावशी आत घुसली. मोठ्या डॉक्टरांची लेक बेबी, आता दवाखान्याची डॉक्टर, सुई भरून उभी होती.

"मावशी, चपला बाहेर!"

"चपला गेल्या खड्ड्यात! बेबी, सुई ठेव. तिला सोसत नाही ती."

"कॉम्प्युटरवर तसं काही नाही."

"कसं असेल? मी दळून टाकलंय ते!"

बेबीनं सुई खाली ठेवली. "आणखी कुणाकुणाच्या कागदावर रेघ होती?"

मोठे डॉक्टर कुणाकुणाच्या कागदावर रेघ ओढताना दिसले होते, ते मावशी बोटांवर मोजत आठवू लागली. गवंडी. पोस्टमनची सासू. कोपऱ्यावरची तोतरी. धोब्याची थोरली. पाचव्या बोटाशी ती अडली.

बाहेर बाकावर नऊ जण आपला नंबर यायची वाट बघत बसले होते.