पाण्यातला चेहरा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, तरी दाराशी रेटारेटी चालूच. जो तो हातात पाण्याची बाटली घेऊन आलेला.

व्यासपीठावर जेवणाच्या डब्याएवढी पेटी होती, आत म्हणे अणूचे फोटो काढणारा कॅमेरा, आणि मागे मोठा पडदा. अणुबाबांनी गर्दीतल्या एकाला वर बोलावून साध्या पाण्याचा थेंब पेटीत टाकायला लावला. पडद्यावर नुसती खरखर दिसली, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तशी. सहाय्यकाने हजारो फोटो एकावर एक रचले. उरला राखाडी चौकोन.

"हे तुमचं पाणी. झोपलेलं," अणुबाबा म्हणाले. "डॉक्टर रक्त तपासतो, मी रक्ताचं मन तपासतो. नॅनो म्हणजे बारीक, अणू त्याहून बारीक, आणि मी अणूच्याही आत बसलोय. आता बघा."

त्यांनी बाटलीवर फुंकर घातली. नवा थेंब, नवी खरखर, पुन्हा हजारो फोटो. पण या खेपेला त्या राखाडीतून आधी कपाळ वर आलं, मग नाक, मग दाढी. साक्षात अणुबाबा. सभागृह उठून उभं राहिलं आणि कितीतरी जण रडायला लागले.

भावाबरोबर आलेली धाकटी बसूनच राहिली. अतिसूक्ष्म कणांचे आकार गणिताने शोधून काढायचे, हीच तिची नोकरी. आठवडाभर हेच बघून तिचे डोळे शिणले होते आणि सुट्टीच्या दिवशीही तेच नशिबी आलं होतं. तिला राग आला नाही की हसू आलं नाही, झोप मात्र येत होती. पण शेजारी तिचा दादा एका पायावर उभा राहून टाळ्या पिटत होता. दुसऱ्या पायाला बँडेज होतं. इन्सुलिन सोडून त्याने हे पाणी सुरू केलं होतं, आणि त्या पायाची दोन बोटं काळी पडली होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "दादा, दवाखान्यात चल. पाय जाईल."

"तू डोळ्यांनी बघितलंस ना? मग?"

"बघितलं. आमच्याकडे नवा आलेला प्रत्येक जण ही चूक एकदा करतोच." ती खुर्चीत टेकली. "आमचे कण इतके बारीक की एका फोटोत खरखरीशिवाय काही कळत नाही. म्हणून हजारो फोटो एकावर एक रचायचे. खरखर जिरते, कण उरतो. पण कण दर फोटोत वेगळीकडे, वाकडातिकडा पडलेला असतो. मग कॉम्प्युटरला एक नमुना द्यायचा आणि सांगायचं, प्रत्येक फोटो सरकव, फिरव, नमुन्याशी सगळ्यात जास्त जुळेल तसा ठेव. नवखा षटकोनाचा नमुना देतो आणि षटकोन निघाला म्हणून नाचत येतो. बघावं तर पठ्ठ्या कण घालायलाच विसरलेला."

वहिनीला हसू फुटलं. दादाकडे बघून तिनं ते गिळलं.

"बाबांनी नमुना घातला, हे कशावरून?" दादा म्हणाला.

"तुझा फोन दे. कॅमेऱ्यावर अंगठा दाबून धर."

मिनिटभर अंधाराचं चित्रण झालं. धाकटीने ते लॅपटॉपवर घेऊन उजळलं. तीच खरखर, त्याच मुंग्या.

"आता नमुना कोणाचा देऊ?"

"पप्पांचा," भाची म्हणाली.

लॅपटॉप बराच वेळ घरघरत राहिला. मग काळोखातून मिशा उगवल्या, कान आले, आणि दादा स्वतःकडेच बघत बसला.

"माझ्या अंगठ्याखाली मी कुठून आलो?" त्याने हळूच विचारलं.

"आला नाहीस. दर फोटोतून तुझ्यासारखं जे थोडंफार दिसत होतं, तेवढं वेचून एकावर एक ठेवलं. सभेत पहिल्या थेंबाला त्यांनी नमुना दिलाच नाही, म्हणून नुसतं राखाडी उरलं. खरी परीक्षा वेगळी असते. फोटोंचे दोन ढीग करायचे, कोणत्याच ढिगाला नमुना द्यायचा नाही. दोन साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारावं तसं. दोघांनी एकच आकार सांगितला तर मानायचं."

तिनं तेही करून दाखवलं. एका ढिगातून एक डाग आला, दुसऱ्यातून भलताच.

दादाने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "मला सुया टोचून घ्यायचा कंटाळा आला होता गं. कोणीतरी म्हणालं, बंद कर, म्हणून बरं वाटलं."

"मलाही समजावून समजावून कंटाळा आलाय, दादा. चल, उठ."

पाय वाचला. दोन बोटं गेली.

पुढच्या सभेला दादा कुबडी घेऊन गेला. धाकटी नको म्हणत होती, तरी मागोमाग गेलीच. जुना भक्त, त्यात लंगडा; अणुबाबांनी त्यालाच वर बोलावलं. फुंकर झाली. दादाने पेटीवर वाकून ड्रॉपर दाबला. खरखर, फोटो, कपाळ, नाक, दाढी. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दादाने माइक हातात घेतला आणि ड्रॉपर उलटा धरून दाखवला. कोरडा होता.

"मी थेंब टाकलाच नाही," तो म्हणाला. "पेटीत पाणी नाही. चेहरा यांनी आधीच यंत्रात घातलाय, यंत्र तोच शोधून काढतं. माझा फोटो घाला, मी निघेन."

अणुबाबा गडबडले, पण क्षणभरच. "मी रिकाम्या जागेतही आहे!"

पुढच्या रांगांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. धाकटीने डोळे मिटून घेतले. हे असंच होतं, हे तिला ठाऊक होतं.

दादा ओरडला नाही. "मग पाणी कशाला देता?" त्याने विचारलं, आणि लोकांकडे वळला. "मला गणित येत नाही. पण काय निघालं ते बघण्याआधी आत काय घातलं होतं, एवढं तर कोणीही विचारू शकतो. मी विचारलं नाही. पायाची दोन बोटं गेली. तुम्ही विचारा."

टाळ्या थांबल्या. मागच्या बाजूने काही लोक उठून निघाले, सगळे नाही. दाराशी एका बाईने धाकटीला अडवलं. तिच्या कडेवर मूल होतं, हातात भरलेली बाटली.

"ताई, याच्या फिटच्या गोळ्या मी बंद केल्यात," ती म्हणाली. "परत सुरू करू?"

धाकटीने तिच्या हातातली बाटली काढून घेतली. "डॉक्टरांना विचारू. आत्ताच. चला, मी येते तुमच्याबरोबर."