सरळ चढणारी हाक

भात पोटरीला आलं की कशेळ्याच्या बाजूला रानडुकरं उतरतात. माझे बाबा, बुधाजी, संध्याकाळपासून शेतातल्या चार खांबांच्या माळ्यावर राखणीला बसायचे. त्यांची हाक खालच्या सुरात सुरू व्हायची, एकसारखी चढत जायची आणि टोकाला पोचली की कट्कन तुटायची. घरून आई 'ओऽ' द्यायची. राखणदाराच्या हाकेला ओ दिली नाही तर त्याचं आयुष्य तुटतं, असं आमच्यात मानतात.

बाबा उन्हाळ्यात गेले आणि डुकरांना रान मोकळं झालं. मी नेरळला इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. म्हटलं, भोंगा करू.

भोंग्याचा सूर चढवायला चढतं व्होल्टेज लागतं. आधी मी साध्या रेझिस्टरमधून वीज साठवणारा कपॅसिटर भरला. तो लबाड सुरुवातीला भराभर भरतो, मग रेंगाळतो. दुकानात ऐकलं तर सूर वर जाता जाता ढिला पडत होता. याला डुकरं सोडा, कोंबडीही भ्यायची नाही! मग ट्रान्झिस्टर बसवला. आता कपॅसिटरमध्ये करंट सतत सारखाच जाऊ लागला आणि तो भरला की आयसीची चिप त्याला क्षणात रिकामा करू लागली. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर व्होल्टेजचे करवतीसारखे दात उमटले, पट्टीने आखल्यासारखे. मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

संध्याकाळी भोंगा माळ्यावर टांगला, चालू केला आणि घरी आले. आई ओट्यावर उभी राहून ओ देत होती.

"आई, यंत्र हाय गं ते."

"आसंल यंत्र. हाक तुज्या बापसाची हाय."

मी ऐकलं. खरंच होती. तशीच एकसारखी चढून टोकाला कट्कन तुटत होती.

बाबा दोन हाकांमध्ये विडी तरी ओढायचे. भोंग्याला कसली विडी? हाकेमागून हाक, आणि प्रत्येक हाकेला आईची ओ. तिचा घसा बसला. जेवण सुटलं, कारण तोंडात घास असला तर ओ कशी देणार? भात वाचत होतं आणि आई हातची जात होती.

बंद करते म्हटलं, तर माझ्यावरच उसळली. "परत मारतेस काय गं त्याला?"

मग मी माझं शहाणपण चालवलं. ट्रान्झिस्टर काढून पुन्हा रेझिस्टर लावला. हाक वाकली की ती बाबांची राहणार नाही, असा माझा हिशोब. सूर चढला आणि वर जाऊन रेंगाळला.

आईचे डोळे भरून आले. "दमलाय गं त्यो. शेवटाला आसाच वरडायचा." आणि तिने आणखी जोर लावून ओ दिली.

मला रागही आला आणि रडूही. तशीच शेतात धावले आणि बॅटरीची वायर उपटली. सगळं शिवार गप्प झालं.

घराकडून आईची ओ आली. थोड्या वेळाने पुन्हा आली. मला खरी भीती वाटली ती तिसऱ्या वेळी. आईची ओ यायच्या आधीच, कुणी हाक मारल्यावर बघावं तसं, मी मान वर करून माळ्याकडे पाहिलं होतं.