काळा करकोचा

दादांनी उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं. चुकलेली वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मग नजरच गेली. समोर धुरकट डाग आणि कडेला जेमतेम उजेड-अंधार, एवढंच उरलं. तरी रविवारी पहाटे धरणाच्या तलावावर पक्षी बघायला जायचा नेम त्यांनी मोडला नाही. धाकटा भाऊ गाडी काढायचा, बांधावर शेजारी बसायचा आणि दुर्बिणीतून दिसेल ते सांगायचा. "माझे डोळे आता याच्या कपाळाखाली आहेत," असं दादा चारचौघांत कौतुकाने सांगत.

त्या रविवारी बांधावर बसल्याबसल्या त्यांच्या नाकात कुजक्या चिखलाचा वास शिरला.

"आज आवाज नाही रे कसलाच."

"वारा उलटा आहे. पलीकडे बदकं आहेत की बक्कळ."

"कुठली?"

"तलवार बदकं. थापट्यापण दिसतायत."

दादा खूश झाले. तेवढ्यात मागे खडीवर बूट वाजले आणि ओळखीचा खोकला ऐकू आला. दंतवैद्य. कितीतरी वर्षं दोघं याच बांधावर एका थर्मासमधला चहा प्यायले होते. गेल्या हिवाळ्यात धाकट्याला इथे काळा करकोचा दिसला आणि दादांनी ती बातमी सगळ्या पक्षीमित्रांना सांगितली. दंतवैद्य तेवढा म्हणाला, "तुझ्या भावाला बगळा आणि करकोचा यातला फरक तरी कळतो का?" दादांचं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत त्यांनी त्याला सुनावलं, "माझ्या भावाला खोटं पाडणाऱ्याचं तोंड बघायचं नाही मला." तेव्हापासून बोलणं बंद होतं.

दंतवैद्य धाकट्याशीच बोलला. "काय बघताय इथे? दरवाज्यांच्या दुरुस्तीसाठी पाणी सोडून दिलंय. तळ पडलाय उघडा."

धाकट्याने दुर्बीण खोळीत घातल्याचा आवाज आला.

"थापट्या बघतोय," दादा म्हणाले. मग त्यांनी भावाकडे मान वळवली. "आणि तो करकोचा?"

"फोनवर चित्र होतं," धाकटा पुटपुटला. "नाव बरं वाटलं."

खडी पुन्हा वाजायला लागली तसे दादा धडपडत उठले. "थांब जरा. तुझंच खरं होतं."

"ते मला तेव्हाही ठाऊक होतं."

"येत जा ना पूर्वीसारखा."

"नको," दंतवैद्य म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि दादांना तेच जास्त लागलं. "मी आता दुसऱ्या तलावावर जातो. मंडळी बरी आहेत तिथली. इथे सहज डोकावलो. तब्येतीला जप."

परतताना गाडी डांबरी रस्त्याला लागली. मग दादांनी विचारलं, "कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्यापासूनच. मला त्यातलं काही कळत नाही, दादा. कधीच कळलं नाही. तू विचारायचास, मी ठोकून द्यायचो. तुझा चेहरा खुलायचा."

"म्हणजे माझ्यासाठी केलंस."

"हो." गाडी एका वळणावर हळू झाली. "आणि चार नावं सांगितली की तू बांधावरून लवकर उठायचास. नाहीतर दुपार करायचास."

खोटं बोलून बोलून दमलेला माणूस खरं बोलला की कसा बोलतो, ते दादांनी त्या दिवशी ऐकलं.

"पुढच्या रविवारपासून नको येऊस," ते म्हणाले.

"बरं."

उत्तर फार पटकन आलं. धाकटा आता 'असं काय करतोस' म्हणेल, निदान एकदा तरी म्हणेल, म्हणून दादा घराच्या फाटकापर्यंत कान देऊन बसले. धाकट्याने गाडी लावली, त्यांना हात धरून उतरवलं आणि बायकोला चहा टाकायला सांगत आत गेला.

पुढच्या रविवारी दादा नेहमीसारखे पहाटेच जागे झाले आणि पलंगाच्या काठावर बसून राहिले. वरच्या खोलीत धाकटा घोरत होता.