बसमध्ये मांडीवर मावणारी दुर्बीण

मोरूप वारला त्याच्या आदल्या दिवशी लेहच्या बाजारात तो दुर्बिणीचे पाय तपासत होता. घोडा घेताना तपासतात तसे. एकेक उचलून, टिचकी मारून, खालून बघून.

"आजंग-ले, दातही बघा हवं तर," दुकानदार नासिर म्हणाला. सगळ्या वडीलधाऱ्यांना तो असंच 'मामा' म्हणून हाक मारायचा.

"बघेन. आधी उभी तरी राहू दे." मोरूपने तिकाटणं गदागदा हलवलं. वरची नळी लटपटली. "हिला थंडी वाजतेय. दुसरी काढ."

त्याची चाळिशीतली लेक चोंदोल दाराशी उभी राहून हे सगळं सोसत होती. आठ दिवसांनी तिला चंदीगडला निघायचं होतं, तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. पत्र येऊन महिना झाला, पण बाप एकदाही "जाऊ नको" म्हणाला नव्हता. तेवढ्या दोन शब्दांसाठी ती कान देऊन होती, आणि हा खरेदीला निघाला होता.

"तिकडे रात्रभर दिवे जाळतात," मोरूप नासिरला समजावत होता. "चांदण्या उरल्यात चार-दोन, त्याही नळी लावून हुडकायच्या. आमच्या गावात कशाला लागतेय? रात्री गोठ्यापर्यंत जायचं तर चांदण्या पायात येतात."

नासिरने उंच पांढरी दुर्बीण काढली. "खोक्यावर पाचशे पट लिहिलंय, त्यावर जाऊ नका. नवशिक्याला त्यात नुसता धुरळा दिसतो."

मोरूपने ती आपल्या टोपलीत उभी केली, टोपली पाठीला लावली आणि मशिदीपर्यंत चढून गेला. नळी डोक्यावरून हातभर वर आली होती.

"मोरूप-ले, तोफ कुठे निघाली?" जर्दाळू विकणारी बाई ओरडली.

"चंदीगडला! सलामी द्यायला!"

तो धापा टाकत परतला. "जड आहे. हिला नाही पेलायची. हिने जन्मभर पुस्तकंच उचललीत."

"पुस्तकं जड असतात, आबा-ले," चोंदोल म्हणाली.

"मग तर ओझं आधीच झालंय."

पुढची ढोलकीएवढी बुटकी होती. मोरूपला ती आवडली, पण ती टेबलावर ठेवावी लागते हे कळल्यावर त्याने हात आखडला. माळावर टेबल कोण नेणार?

"गाडीच्या टपावर ठेवा की," नासिर म्हणाला.

"गाडी नाही हिच्याकडे. नवराही नाही. टेबल उचलणार कोण?"

"आबा-ले!"

"खोटं आहे का?"

शेवटी एक आखूड नळी निघाली, लहान तिकाटण्यासकट खांद्याच्या पिशवीत मावणारी. मोरूपने तिचे पाय हलवून पाहिले. ते हलले नाहीत. मग नळीला डोळा लावून त्याने समोरचा डोंगर पाहिला.

"डोंगर उलटा दिसतोय."

"चांदण्यांना वरखाली नसतं, आजंग-ले."

"हरकत नाही. तिकडे हिला डोंगर दिसायचा नाहीच." तो खाली बसला, पिशवी मांडीवर घेतली आणि बसचे धक्के खाल्ल्यासारखा मागेपुढे झुलला. "मावतेय. दिवे संपेपर्यंत बसने जायचं, तिथे उतरून बघायचं."

"मला घालवायची एवढी घाई झालीय?" चोंदोलने विचारलं.

मोरूप पिशवीच्या पट्ट्याशी खटपट करत राहिला. "हा पट्टा खांद्याला काचेल," तो म्हणाला. "लोकर शिवून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलीपाशी बसल्या बसल्या गेला. पट्ट्याला अर्धी लोकर लावून झाली होती.

सोळा दिवसांनी मृत्यूनंतरचे विधी आटोपून लामा परत गेले, घर रिकामं झालं. चंदीगडच्या लोकांनी महिनाभर वाट बघू असं कळवलं होतं. मोरूपची बहीण, आने पद्मा, भांडी घासायला थांबली होती.

"सुटले बाई," ती म्हणाली. "तुझ्या बापाने अख्ख्या गावाला धाक घातला होता. जो चोंदोलला 'राहा' म्हणेल, त्याच्या जवात पुढच्या वर्षी शेळ्या सोडीन म्हणे."

"का?"

"एकदा कुणी म्हटलं की ती राहीलच, म्हणाला. मी महिनाभर गप्प होते. माझं तोंड तुला माहीत आहे, जीव जायची वेळ आली होती."

चोंदोलला हसू फुटलं. हसता हसता ती बापाच्या गादीकडे वळली. आनेने भांडं खाली ठेवलं, शेळ्यांना चारा घालायचाय म्हणाली आणि बाहेर गेली.

चोंदोल चुलीजवळच्या त्याच्या गादीसमोर जाऊन बसली.

"आबा-ले," ती मोठ्याने म्हणाली, "मला जायचं नव्हतं. तुम्ही अडवाल म्हणून महिनाभर रोज तुमच्यासमोर बॅग भरत होते."