आत्याच्या बाथरूममधली बादली

“बाबा, आपल्या घराला आग लागली तर आधी तुमचे स्प्रिंकलर उडतील, की आपण?”

प्रश्न खरं तर ठिणगीचा नव्हता. तो जिराफ आणि टाचणी या तिच्या मैत्रिणींचा होता. मधल्या सुट्टीत पैज लागली होती, की घरी हे विचारायची तुझी टाप नाही. पण वक्तृत्वात पहिली आल्यापासून ठिणगी कुणाच्या बापाला भीत नव्हती, स्वतःच्याही नाही. जेवायला बसल्या बसल्या तिने विचारून टाकलं.

आईला ठसका लागला. बाबा मात्र खूश. घरांसाठी आग विझवणाऱ्या फवाऱ्यांचे आराखडे करणं हे त्यांचं काम, आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं की ताटातलं जेवण थंड झालंच म्हणून समजा.

“स्प्रिंकलर सहसा दगा देत नाही, ठिणगे. दगा देतात माणसं. कुणीतरी कॉक बंद करतं आणि विसरून जातं. म्हणून माझ्या आराखड्यात कुणी काही लक्षात ठेवायचंच नाही. छतातला पाइप सगळ्या खोल्यांतून फिरतो आणि शेवटी फ्लशच्या टाकीत उतरतो. टाकीला वेगळा कॉकच नाही. फ्लश दाबला की पाइपातलं पाणी हललं. आणि पाणी बंद असेल तर टाकी भरणार नाही, मग घरात जी बोंबाबोंब होईल ती मला इथे बसून ऐकू येईल!”

“पण आपल्याकडचं शेवटचं कधी तपासलंत?”

“तपासायचं कशाला? तीच तर गंमत आहे!”

उद्या हाच आराखडा एका बिल्डरपुढे जाणार होता. एकट्यादुकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तो गल्लीभर घरं बांधत होता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट आतापासूनच खुर्चीवर टांगून ठेवला होता.

ठिणगीने हात धुतले आणि मैत्रिणींना सगळं सविस्तर कळवलं. वर “हरलात!” हेही. टाचणीचं उत्तर लगेच आलं.

“पण तुमच्याकडे फ्लश दाबतं कोण? मी आले होते तेव्हा तुझी आई दाराबाहेरून ओरडली होती, बादलीतलं टाक म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला!”

ठिणगीला हसू येईना. कपडे धुण्याच्या मशीनचं पाणी आई बादल्यांत भरून ठेवायची, आणि संडासात सगळे तेच टाकायचे. पाणी वाया गेलेलं आईला खपायचं नाही. ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की फ्लशकडे कुणाचा हातच जात नसे. बाबांचासुद्धा.

आणि पाइपाचं शेवटचं टोक होतं वरच्या मजल्यावर, आत्याच्या बाथरूममध्ये. तिथेही आई रोज बादली भरून ठेवायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गुडघे असे गेलेले, की जिना उतरायचा तर दोघांनी धरावं लागे.

ठिणगी धडाधड जिना चढली. आत्याच्या खोलीत हीटर लालबुंद झाला होता आणि त्याच्यासमोर खुर्चीच्या पाठीवर टॉवेल वाळत होता. एक कोपरा जाळीला जवळजवळ टेकलेला.

“आत्या, टॉवेल!”

“सुकतोय गं. ओला कोंबू का कपाटात? धाड पडल्यासारखी काय येतेस!”

ठिणगीने टॉवेल ओढून काढला. तो चटका बसण्याइतका गरम होता. तशीच ती बाथरूममध्ये शिरली आणि फ्लश दाबला.

खट्ट. नुसतंच खट्ट. तिने टाकीचं झाकण उचललं. आत ठणठणीत कोरडं, आणि कोपऱ्यात कोळ्याने थाटलेला संसार.

“ती टाकी गळायची,” आत्या खोलीतून म्हणाली. “रात्रभर टपटप, डोळ्याला डोळा लागेना. मग तुझ्या बाबाने जिन्याखालचा पाइपाचा कॉकच बंद केला. म्हणाला, ताई, उद्या वॉशर आणतो.”

“कधीची गोष्ट?”

“पंखे चालू होते तेव्हा.”

ठिणगीने खोलीत येऊन वर पाहिलं. आत्याच्या पलंगाच्या वर छतातला स्प्रिंकलर शहाण्या बाळासारखा बसला होता. त्याच्यामागून पाण्याचा थेंब येणार नव्हता.

खाली येऊन तिने सगळं सांगितलं तेव्हा बाबा ताडकन उठले. जिन्याखाली वाकून त्यांनी कॉक उघडला. पाइप खोकला, गुरगुरला, आणि वर टाकी भरू लागल्याचा आवाज आला. बाबा तिथेच शेवटच्या पायरीवर बसले.

“माझ्या बादलीमुळे झालं का हो?” आईने हळूच विचारलं.

“तुझ्या बादलीने पाणी वाचवलं. विसरलो मी.” त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. “पण आता झालं ना चालू? वॉशर सकाळी बदलतो. उद्या मात्र बिल्डरपुढे याबद्दल अवाक्षर नको.”

“आणि त्या घरांतली म्हातारी माणसं?” ठिणगीचा आवाज चिरकला. वक्तृत्वात कधी चिरकला नव्हता. “टाकी गळली की तीही हेच करणार.”

“सगळे आपल्यासारखे नसतात गं.”

“हीटरवर टॉवेल वाळवणारेही नसतात?”

तेवढ्यात वरून आत्याची हाक आली.

“अरे, परत सुरू झालं टपटप! बंद कर बाबा तो कॉक!”

“हो ताई!” म्हणत बाबांचा हात आपसूक कॉककडे गेला. दोन बोटं त्यावर टेकली, आणि तिथेच थबकली. आईने तो हात पाहिला. ठिणगीनेही पाहिला.

“कॉकला कुणी हात लावायचा नाही,” ठिणगी म्हणाली. “टाकीखाली मी फडकं ठेवते. आज मी आत्याजवळ झोपणार. उद्या मी शाळेत जाणार नाही, तुमच्याबरोबर येणार. पाइप टाकीऐवजी रोज लागणाऱ्या दात घासायच्या बेसिनला जोडायचा की आणखी कशाला, ते तुम्ही ठरवा बाबा, पण आज इथे काय झालं ते त्यांना आधी सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी उभी राहून विचारणार, की त्या घरांमध्ये कुणी बादली वापरली तर काय? आणि मी विचारते की नाही यावर हवी तर पैज लावा.”